पुरातत्त्वात यायचंय : कुठून सुरू कराल, काय जपाल

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की येणाऱ्या पत्रांत काही प्रश्न हमखास असतात. ‘मुलीला पुरातत्त्वात जायचं आहे, इतिहासच घ्यावा लागेल का?’ ‘माझी पदवी कॉमर्सची आहे, आता उशीर झाला का?’ ‘डेक्कन कॉलेजात प्रवेश मिळतोय, पण पुढे पोटापाण्याचं काय?’ आणि दोन-चार पत्रं अगदी वेगळी असतात : ‘नांगरताना शेतात भांडं निघालं. सांगितलं तर जमीन जाईल का?’

किल्ले, लेणी, शिलालेख यांच्या ओढीने या क्षेत्राकडे येणारे पुष्कळ असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना लिपी नसलेल्या आणि स्वतःबद्दल एक ओळही लिहून न ठेवलेल्या इथल्या जुन्या समाजांचा शोध घ्यायचा आहे. घोड नदीकाठी इनामगावला वस्ती करून राहिलेले शेतकरी, विदर्भातल्या शिळावर्तुळांत आपली माणसं पुरणारे लोक, कोकणातल्या सड्यावर हत्ती आणि गेंडे कोरणारे हात. यांच्यापर्यंत पोचायला राजांच्या सनावळ्या फारशा कामाला येत नाहीत.

आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

प्रवेशअर्ज भरण्याआधी एका उत्खननाचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजचं उत्खनन 1968 मध्ये सुरू झालं आणि 1983 पर्यंत चाललं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची मुख्य नावं. सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला 1988 मध्ये. म्हणजे पहिली कुदळ पडल्यापासून पुस्तक हातात येईपर्यंत वीस वर्षं. त्या वीस वर्षांतून जे हाती आलं त्याला तोड नाही. इसवीसनपूर्व सुमारे 1600 ते 700 या काळातलं एक अख्खं खेडं कळलं. सुरुवातीची चौकोनी, ऐसपैस घरं आणि शेवटच्या काळातल्या लहान गोल झोपड्या, जवाची शेती, पाण्याचा पाट, गावप्रमुखाचं वाटणारं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलं. आणि मोठ्या माणसांच्या दफनांत घोट्याखालून तोडलेले पाय.

हे सगळं ‘सापडलं’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते नोंदींतून उभं राहिलं. पुरातत्त्वज्ञाच्या वर्षातले उत्खननाचे महिने थोडे असतात. आपल्याकडे दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि ऊन तापलं की आटोपतो. बाकीचं वर्ष खापरं मोजण्यात, हाडं ओळखण्यात, नकाशे काढण्यात आणि लिहिण्यात जातं.

खापरांच्या आवारातलं काम एकदा जवळून पाहा. खड्ड्यातून आलेली टोपली पाण्यात ओततात, मऊ ब्रशने माती काढतात, खापरं उन्हात सुकवतात. मग प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला बारीक निबने काळ्या शाईत लिहायचं : स्थळाची आद्याक्षरं, खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक. बाहेरच्या बाजूला लिहायचं नाही, कारण तिथे नक्षी किंवा झिलई असू शकते. असे शेकडो तुकडे. हे करताना तुमचं मन रमतं की उबगतं, यावरून या क्षेत्रातलं तुमचं भविष्य बरंच कळेल. उबग आला तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो एम.ए.ला प्रवेश घेण्याआधी आलेला बरा.

पदवी कोणती?

कोणतीही चालते. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. कॉमर्सवाल्यांना उशीर झालेला नाही. विज्ञानाची मुलं तर अलीकडे जास्त हवी असतात, त्याचं कारण पुढे येईलच. पदवी कुठल्याही विषयाची असो, तीन गोष्टी बरोबर आणा : इंग्रजी वाचनाची सवय (संशोधन बहुतांशी त्याच भाषेत आहे), पेन्सिलीने मोजून आकृती काढण्याचा हात आणि गावाकडच्या मराठीत मोकळेपणाने बोलता येणं.

एम.ए. कुठे करावं?

- डेक्कन कॉलेज, पुणे. 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून याची नव्याने उभारणी झाली. सांकळिया त्याच वर्षी इथे आले आणि इरावती कर्वेही. प्रागैतिहासिक काळापासूनच्या अभ्यासासाठी हाडं, वनस्पती, माती यांच्या प्रयोगशाळा एकाच आवारात असणं हे इथलं खरं बळ. प्रवेश घ्यायचा असो-नसो, आवारातलं पुरातत्त्व संग्रहालय बघून या.
- नागपूर विद्यापीठ. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा विभाग आहे. महापाषाणयुग, म्हणजे शिळावर्तुळांचा काळ, हा तुमचा ओढा असेल तर इथला विचार आधी करा. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे केलेल्या कामाचा वारसा याच भागात आहे आणि जुनापाणीची शिळावर्तुळं शहराच्या अगदी जवळ आहेत.
- महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदा. पुरातत्त्वाचा जुना आणि मान्यवर विभाग. गुजरातमधल्या हडप्पाकालीन वस्त्यांवर काम करायचं असेल तर इथे.
- मुंबई. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठाचे छोटे अभ्यासक्रम असतात. काही महाविद्यालयांत प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय पदवीला घेता येतो. गोडी तपासायला हे उत्तम. पण प्रमाणपत्राच्या बळावर पुरातत्त्वज्ञाची नोकरी मिळेल या भरवशावर राहू नका.

एम.ए. झाल्यावर आणखी एक रस्ता आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडाला पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था आहे. तिथला दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा देशभरातल्या स्थळांवर काम शिकवतो आणि विद्यावेतनही मिळतं. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षेतून. सर्वेक्षणात नोकरी करायची असेल तर या डिप्लोमाचा उपयोग होतो.

विभाग निवडताना इमारत आणि नाव बघून निर्णय घेऊ नका. सरळ तीन प्रश्न विचारा : गेल्या दोन-तीन हंगामांत तुम्ही कुठे उत्खनन किंवा सर्वेक्षण केलं? विद्यार्थ्यांना खड्डा स्वतः सांभाळायला मिळतो का? त्या कामाचा अहवाल छापून झाला का? शेवटच्या प्रश्नाला कुठे टाळाटाळ दिसली तर सावध व्हा.

एक विषय पक्का धरा

नुसता ‘पुरातत्त्वज्ञ’ म्हणून उभं राहणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. उत्खननाच्या चमूला हवी असतात ती एकेका विषयातली जाणती माणसं. इनामगावचे लोक काय खात होते हे कळलं ते जळक्या धान्याचे दाणे ओळखणाऱ्यांमुळे आणि जनावरांची हाडं वेगळी काढणाऱ्यांमुळे. दोनशेहून जास्त दफनांतली माणसं किती वयाची होती, त्यांच्या दातांची अवस्था काय होती, हे मानवी सांगाड्यांच्या अभ्यासकांनी सांगितलं. शेवटच्या काळात पाऊस घटला असावा, हा विचार माती आणि गाळाच्या अभ्यासाशिवाय पुढे गेला नसता.

वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना बिया आणि परागकण खुले आहेत, प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकलेल्यांना हाडं. भूगर्भशास्त्रवाल्यांना नदीचे थर, रसायनवाल्यांना धातू आणि जतन, संगणकवाल्यांना नकाशे, ड्रोन आणि त्रिमिती नोंदणी. विदर्भात नायकुंडला सापडलेल्या लोखंड वितळवण्याच्या भट्टीसारख्या गोष्टीवर धातुशास्त्राच्या पदवीधराला आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

आणखी एक शाखा मला विशेष महत्त्वाची वाटते : आजच्या समाजांच्या रीती बघून जुन्या अवशेषांचा अर्थ लावणं. गडचिरोलीत माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतात. तो दगड कोण निवडतं, कसा आणतं, त्या दिवशी कोण जेवतं हे ज्याने पाहिलं आहे, तो जुनापाणीच्या वर्तुळाकडे वेगळ्या नजरेने बघतो. मात्र इथे एक धोका आहे आणि तो जुना आहे. माडिया म्हणजे ‘महापाषाणयुगातून उरलेले लोक’ नव्हेत. ते तुमच्या-आमच्या काळातले नागरिक आहेत आणि त्यांच्या रीतींनाही त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. साम्य दिसलं की तिथून प्रश्न विचारायचे. साम्यालाच पुरावा म्हणून छापायचं नाही.

पहिलं उत्खनन

पहिल्या हंगामात वस्तू शोधायला जाऊ नका, थर ओळखायला शिका. सकाळी ऊन तिरपं असताना खड्ड्याची भिंत बघा, मातीचे रंग वेगळे दिसतात. दिसले नाहीत तर भिंतीवर हलकं पाणी शिंपडा. राखेचा पट्टा, शेणाने सारवलेली जमीन, उंदराचं बीळ, खांबाचा खड्डा यांतला फरक कळायला एक हंगाम गेला तरी तो सार्थकी लागला समजा.

थर इतका का महत्त्वाचा, हे दायमाबादने सगळ्यांना शिकवलं. 1974 मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या गावी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझ शिल्पं मिळाली : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतीय पुरातत्त्वातल्या सर्वांत देखण्या वस्तूंत त्यांची गणना होते. पण ती रीतसर उत्खननात थरातून आली नाहीत. त्यामुळे ती उत्तर हडप्पाकालीन की बऱ्याच नंतरची, यावर अभ्यासकांत वाद झाला. तो शेतकरी चुकला असं इथे कोणी म्हणू नये. त्याच्यामुळेच ही शिल्पं आपल्याला दिसली. पण थराची नोंद असती तर तो वाद उभाच राहिला नसता.

बरोबर न्यायच्या गोष्टी फार नाहीत : स्वतःचा ट्रॉवेल, मोजपट्टी, आलेख वही, पेन्सिली, टोपी, बंद बूट, नेहमीची औषधं. धनुर्वाताची लस घेऊन जा. नोंदवही रोज रात्री पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी आठवेल यावर विसंबू नका. फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण नसेल तर त्या फोटोचा संशोधनाला उपयोग नाही. आणि कुदळ चालवणाऱ्या मजुरांकडून शिका. वर्षानुवर्षं उत्खननांवर काम केलेल्या माणसाला माती बदलली हे हाताला आधी कळतं. अहवालात त्यांची नावं यावीत, असा आग्रह तुमच्या पिढीने धरावा.

पोटापाण्याचे रस्ते

- भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. वरची पदं केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत, खालची इतर भरती परीक्षांतून. जाहिरात दरवर्षी निघतेच असं नाही, म्हणून फक्त याच आशेवर वर्षं काढू नका.
- राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. जागा कमी, काम मात्र आपल्या मातीतलं.
- अध्यापन आणि संशोधन. नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. पीएच.डी. करायची असेल तर आधी ही परीक्षा, मग विषय, असा क्रम ठेवा. शिष्यवृत्तीशिवाय पाच-सहा वर्षं पदरमोड करणं सगळ्यांना झेपत नाही.
- संग्रहालयं, जतन, वारसा-सल्लागार कामं. कंत्राटी कामं वाढत आहेत. पगार, मुदत आणि लेखांवर नाव येणार का, हे तिन्ही आधी कागदावर घ्या.
- सागरी पुरातत्त्व. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हे काम चालतं. पोहता आणि बुडी मारता येणं आलंच.

आईवडिलांना खरं सांगा : स्थिर पगार उशिरा सुरू होतो. तिशीपर्यंत तात्पुरत्या प्रकल्पांवर राहायची तयारी नसेल तर हा विषय हौस म्हणून जोपासा. त्यातूनही मोलाचं काम होतं. कोकणातली कातळशिल्पं शोधण्यात आणि नोंदवण्यात हौशी अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या पायपिटीनंतरच कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी यांसारखी स्थळं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती जवळजवळ 18 मीटरचा आहे आणि तो कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर आहे.

जमीन ज्यांची, माहिती त्यांचीही

अभ्यासक्रमात या विषयाला एखादा तास मिळतो. प्रत्यक्ष कामात रोज त्याच्याशी गाठ पडते. बहुतेक पुरातत्त्वीय स्थळं गावाच्या पांढरीत, शेतात, देवराईत किंवा चिरेखाणीच्या काठावर असतात. तुम्ही पोचण्याआधी त्या जागेला नाव असतं, गोष्ट असते, कधी नैवेद्यही असतो. गोव्यात कुशावती नदीकाठची उसगाळीमळची शिल्पं 1990 च्या दशकात अभ्यासकांना ‘सापडली’. स्थानिकांना ती आधीपासून माहीत होती आणि त्यांनीच ती दाखवली.

म्हणून गावात गेल्यावर :

- आधी सरपंच, पोलीस पाटील आणि जमीनमालक यांना भेटा. आदिवासी भागात ग्रामसभेसमोर कामाची माहिती द्या आणि होकार घ्या.
- ‘खजिना’ शोधायला आलो नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. नाहीतर तुम्ही गेल्यावर रात्री कोणीतरी खड्डा उकरतो.
- देवस्थानाजवळ कुठवर जायचं, चपला कुठे काढायच्या, कशाचे फोटो काढायचे नाहीत हे विचारा आणि पाळा.
- नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.
- काम झाल्यावर परत जा. काय कळलं ते मराठीत किंवा तिथल्या बोलीत सांगा, एक प्रत शाळेत ठेवा.

मानवी अवशेष निघाले तर आणखी जपा. सांगाडा हा कोणाचा तरी पूर्वज आहे, ही जाणीव जगभर आता कायद्यात उतरते आहे. अमेरिकेत 1990 पासून मूलनिवासी जमातींना त्यांच्या पूर्वजांचे अवशेष परत मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. जानेवारी 2024 पासूनच्या नियमांनुसार असे अवशेष प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा अभ्यासाला घेण्याआधी संबंधितांची संमती लागते. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी हे नियम प्रवेशाआधी वाचावेत. आपल्याकडचे नागा समाजातले लोक ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले आपल्या पूर्वजांचे अवशेष परत आणण्यासाठी झटत आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये इंग्लंडमध्ये एक नागा कवटी लिलावात निघाली होती, विरोध झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. वसाहतकाळात संशोधनाच्या नावाखाली काय काय उचललं गेलं, हे ठाऊक असलेला विद्यार्थी हाडांचं खोकं वेगळ्या हाताने उघडतो.

शिकताना तुमचे हक्क

शिबिरातला तंबूही तुमच्या संस्थेचाच भाग असतो. लैंगिक छळाबाबतचा 2013 चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम उत्खननाच्या जागीही लागू आहेत. निघण्याआधी अंतर्गत तक्रार समितीचा संपर्क लिहून घ्या. मुलींसाठी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, जवळचा दवाखाना आणि आणीबाणीतलं वाहन यांची व्यवस्था विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. तुम्ही काढलेल्या आकृत्या आणि नोंदी अहवालात वापरल्या तर नावाचा उल्लेख मागा. तोंडी आश्वासनापेक्षा एक साधा ईमेल बरा.

एक सक्त सूचना : एम.ए. झालं म्हणून स्वतःहून कुठेही खणता येत नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती प्रत्यक्षात विद्यापीठं, संस्था, सरकारी खाती यांना मिळते. मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या, ‘जुनी नाणी योग्य भावात घेतो’ म्हणणाऱ्या मंडळींपासून दूर राहा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

शेतात काही निघालं तर

आता त्या शेवटच्या पत्राचं उत्तर.

1. खणणं थांबवा. वस्तू अजून मातीत असेल तर उचलू नका, धुऊ-घासू नका.
2. शेजारी काहीतरी मोजमापासाठी ठेवून फोटो काढा. जागा ओळखता येईल अशी खूण करा.
3. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर असं कळवणं बंधनकारक आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि तुमचा वाटाही जातो.
4. जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही कळवा. अभ्यासक लवकर पोचतात आणि पंचनाम्याच्या वेळी त्यांची मदत होते.

ऐवजाला मालक नाही असं ठरलं आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने ऐवज स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर वस्तूतल्या द्रव्याची किंमत आणि तिच्या एक पंचमांश जादा रक्कम देण्याची तरतूद आहे. तेव्हा सालगडी किंवा मजुराला काही सापडलं असेल तर अर्जात त्याचं नाव शोधणारा म्हणून लिहा.

आणि जमीन जाण्याची भीती : एक भांडं निघालं म्हणून शेत सरकारजमा होत नाही. एखादं स्थळ संरक्षित म्हणून जाहीर करायचं तर आधी अधिसूचना निघते आणि दोन महिन्यांत हरकत नोंदवता येते. केंद्राने संरक्षित केलेल्या स्थळाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. हे बंधन बांधकामावर आहे. तुमच्या गावात अशी अधिसूचना निघाली तर तिची प्रत मागून घ्या, गट क्रमांक तपासा आणि हरकत असेल तर मुदतीच्या आत लेखी द्या.